काबरीचा हेवा

मोह पडायला लागला की आमच्या गावात माणसांची तोंडं दिसत नाहीत, पाठी दिसतात. फटफटायच्या आत जो तो टोपलं घेऊन आपापल्या झाडाखाली वाकलेला. उन्हं चढेपर्यंत गाव रिकामं, मग एकदम भरून येतं. डोक्यावर टोपली, टोपल्यांत ती फिकट पिवळी, रसानं फुगलेली फुलं, आणि मागोमाग तो वास. गोड म्हणावा तर गोड, आंबट म्हणावा तर आंबट. सारवलेल्या अंगणांत फुलांचा थर पडतो, पिवळ्याचा तांबूस होत जातो आणि माठातल्या पाण्यालासुद्धा तो वास लागतो. लग्न होऊन ब्रह्मपुरीला गेले तेव्हापासून हा हंगाम मी बाजारात पोत्यांमधूनच पाहत होते. यंदा सातवा महिना लागला म्हणून माहेरी आले, ती नेमकी मोहाच्या तोंडावर.

"वाकाचं नाई, उचलाचं नाई, बसून राहाचं," असं मायनं आल्या आल्या फर्मान काढलं आणि मला अंगणातल्या बाजेवर बसवलं. फुलांवर कोणाची शेळी तोंड घालत नाही ना, एवढं बघायचं. तशी बसले होते. तर माय वाडीतून आली, काखेत एक पांढरी कोंबडी. माझ्यासमोरच, पण माझ्याकडे न बघता, ती भिंतीच्या सावलीत मांडी घालून बसली, कोंबडी मांडीवर घेतली आणि तिच्या गळ्याखाली हात फिरवायला लागली. हळू, गोल, जगात दुसरं काही काम नसल्यासारखी. आणि काय सांगू, लग्न झालेली, पोटुशी असलेली मी त्या कोंबडीवर अशी जळले की बाजेची दोरी नखानं उकरत बसले.

हसू नका. हा हेवा आजचा नाही. लोकांना शेजारणीच्या पाटल्यांचा हेवा वाटतो, कोणाच्या बांधाचा वाटतो, कोणाच्या पोराच्या नोकरीचा वाटतो. मला कोंबड्यांचा वाटत आला. नवऱ्याला एकदा सांगितलं तर तो हसून हसून खाटेवरून पडायचा राहिला. त्याला काय कळणार? त्याची आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय अजून जेवायला वाढत नाही.

माझ्या मायचा हात मला लागायचाच नाही, असं नाही. वेणी घालताना लागायचा, केस मुळासकट हाती येतील असा. आंघोळीला लागायचा, दगडानं पाठ घासताना. शाळेत जात नाही म्हटलं की पाठीत लागायचा. पण ते सगळे कामाचे हात. वेणी झाली की हात निघाला, आंघोळ झाली की हात निघाला. तिला उसंत कुठे होती? बाबा तलावावर जाळं टाकायचे, आलेली मासोळी घेऊन माय नागभीडच्या बाजारात बसायची, रोवण्याच्या दिवसांत लोकांच्या बांधीत भाताचा रोवणा करायची. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. दिसत होतं म्हणून हेवा कमी होतो थोडाच? घरात आम्ही तिघंच, माझ्या पाठीवर कोणी झालं नाही, म्हणजे वाटेकरी असायलाच नको होते. तरी होते, आणि ते सगळे रात्री डाल्याखाली झोपायचे.

डालं म्हणजे कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं टोपलं. सकाळी ते उचलायच्या आधी माय कडेला उकिडवी बसायची. डालं जरा तिरपं करून एकेक कोंबडी बाहेर घ्यायची, गळ्याच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला बोटं लावायची आणि सोडून द्यायची. तिथे कोंबडीची अन्नाची पिशवी असते. दिवसभर टिपलेलं आधी तिथे साठतं, मग सावकाश खाली उतरतं. सांजेला पिशवी टम्म भरलेली पाहिजे आणि सकाळी रिकामी, नुसतं कातडं बोटाला लागावं. सकाळी भरलेली लागली की आत काहीतरी अडलं. एकही कोंबडी त्या बोटांखालून गेल्याशिवाय अंगणात जात नसे. मी तेव्हा चुलीपाशी चहात पोळी बुडवत बसलेली असायची. रोज सकाळी सगळ्यांना हात लागायचा, मी सोडून.

वर गावभरच्या कोंबड्या आमच्याच दारी. समोरची तुळसाबाई तर महिन्यातून एकदा तरी कोंबडी पदराखाली धरून यायचीच.

"भागरताबाई, हे पाय ना व. मान वाकडी करून राह्यली. चोच उघडते, झाकते, अन् खात काई नाई."

"गळ्याखाली हात लावून पायला?" माय विचारायची.

"लावला."

"दगडावानी लागते का पाण्यावानी?"

"मले का समजते, बाई?"

मग माय पाटावर बसायची आणि कोंबडी मांडीवर यायची. दगडासारखी लागली तर काहीतरी कोरडं अडकलेलं. तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, लांब काडी, वाळकं गवत, नाहीतर बाबांच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा. बाबा अंगणात बसून जाळं सांधायचे आणि तुटके धागे तिथेच सोडायचे. त्यावरून दोघांचं रोजचं वाजायचं. अशा कोंबडीला माय चोचीच्या कडेनं जवसाच्या तेलाचे थेंब सोडायची, वर कोमट पाणी, आणि मग तो गोळा दोन बोटांत धरून सैल होईस्तोवर चोळत राहायची. दाणा बंद. पुढ्यात थोडी वाळू ठेवायची. "दात कुठी आहेत तिले? वाळूच तिचे दात," असं सांगायची. पिशवी हलवली की डुचमळली आणि तोंडाला आंबट वास आला, तर आत नासलं. त्याला तेल नाही, जोरात चोळणं नाही. दाणा पुरता बंद, निवळ पाणी, मग जरासं ताक, आणि बरं वाटलं की मऊ भाताची चार शितं. एखादीची पिशवी कायमची लोंबून गेलेली असायची. ती पाहिली की माय तोंडानं च्यक् करायची आणि म्हणायची, "हे आता वर जात नाई. थोडं थोडं चारत जा, जगंन तेवढी जगंन."

हे सगळं मला पाठ आहे. शाळेत कविता पाठ व्हायच्या नाहीत, हे न शिकता पाठ झालं. कारण मी दाराच्या चौकटीला टेकून बघत असायची. कोंबडी आधी फडफडायची, मग मायच्या हाताखाली सैल पडायची, मग डोळ्यांवर ती पातळ पापणी ओढून घ्यायची. ते डोळे मिटणं मला बघवत नसे. एवढं सुख? आणि ते पण तुळसाबाईच्या कोंबडीला?

पण तुळसाबाईच्या कोंबड्या येऊन जाऊन. खरी वैरीण काबरी. अंगावर काळे-पांढरे ठिपके, मानेला तांबूस झाक, चाल अशी की जशी काही पाटलीण. मायनं ती तिच्या माहेरून आणली होती. येताना एसटीला ही गर्दी, मायला कशीबशी जागा मिळाली, आणि काबरी पूर्ण रस्ता तिच्या मांडीवर बसून आली. त्या एसटीत मीही होते. मी उभी होते.

काबरीला माहेरचा मान होता. तिला आधी तांदळाची कनकी, तिच्या अंड्यांना वेगळं गाडगं, ती अंड्यांवर बसली की घरात मोठ्यानं बोलायचं नाही. माय तिच्याशी बोलायची ते तिच्या आईच्या गावच्या बोलीत, थोड्या वेगळ्या हेलानं. तो हेल आमच्याशी बोलताना कधीच यायचा नाही. आता या वयात कळतं की त्या कोंबडीच्या निमित्तानं ती आपल्या गावाशी बोलून घेत असेल. तेव्हा मला एवढंच कळायचं की हा हेल माझा नाही.

मी सहावीत होते त्या वर्षी मोह भरपूर पडला. परीक्षा तोंडावर, आणि मी अंगणात पुस्तक उघडून फुलं राखत बसलेली. राखण कसली, वाचताना डुलकी लागायची आणि कोंबड्या फुलांत. दुपार कलली तेव्हा बाबांची हाक आली. "अवो, बाहीर ये! काबरी पिऊन राह्यली!"

काबरी अंगणाच्या मधोमध उभी होती आणि झुलत होती. एक पाऊल पुढे, दोन बाजूला. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, आणि चोचीला तोच मोहाचा आंबूस वास. बाबा तर हसून लोळायचेच राहिले. तुळसाबाई धावत आली, तिच्या मागे सगळी ओळ आली. आमच्याकडे या हंगामात झुलणारं जनावर बघून कोणाला नवल वाटत नाही. फुलं खाऊन गाय झुलते, शेळी झुलते, अस्वल झुलतं म्हणतात. दुसऱ्या कुठल्या गावात कोंबडी अशी झुलली असती तर लोकांनी बिमार म्हटलं असतं. आमच्या गावात सगळ्यांनी तिला बेवडी ठरवून टाकली.

"उतरंल सकाळवरी," बाबा म्हणाले. "मले नाई का उतरत?"

मायसुद्धा हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि काबरीला उचलून न घेता नुसतं डाल्याखाली सारलं. मला इतका आनंद झाला म्हणता! सगळं गाव काबरीला हसत होतं, माय आमच्यात उभी राहून हसत होती, आणि तिचा एक हात सहज माझ्या खांद्यावर पडला होता. तो खांदा मी झोपेपर्यंत हलवला नाही.

सकाळी मायनं डालं तिरपं केलं, काबरीच्या गळ्याखाली बोटं लावली, आणि तिथेच बसून राहिली. पिशवी रिकामी नव्हती. कालच्यापेक्षा फुगलेली, पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी, बोट लावलं की इकडून तिकडे जाणारी. काबरीनं मान टाकली होती.

"पिली नाई हे," माय म्हणाली. "फुलं नासले आतमंदी. काल पायलं असतं त... अन् मीबी हासत बसली."

बाबा घाबरून पुढे झाले. त्यांनी काबरीचे पाय धरून तिला उलटी करायला घेतली. माय अशी ओरडली की तुळसाबाई तिच्या घरातून बाहेर आली. "उलटी नोको धरू! पाणी सासात जाईन तिच्या! मरंल ना!" तिनं काबरी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मांडीवर सरळ बसवली.

आणि मग ते झालं जे मी आजवर विसरले नाही. माय मोहाला गेली नाही. फुलं झाडाखाली पडून राहिली, शेजारच्या शेळ्यांनी खाल्ली असतील, आणि माय घरी बसली. मला गोवर आला होता तेव्हा माय मोहाला गेली होती. तापानं फणफणले होते तेव्हा पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून गेली होती. पोटापाण्याचा हंगाम, वर्षाचं मीठ-मिरची त्यातून येतं, जावंच लागतं, हे मी स्वतःला समजावलं होतं. आणि आता एका कोंबडीसाठी ती घरी! मी तोंड धुतलं नाही, चहा घेतला नाही, कोणाचं लक्षही गेलं नाही.

दिवसभर ती काबरीपाशी. डाल्याखाली दाण्याचा कण नाही. वाटीत निवळ पाणी, ते चोच बुडवून थेंब थेंब. मध्येच तिला मांडीवर घ्यायची आणि पिशवीवरून हात फिरवायची, दाबायची नाही, नुसती तळहाताची ऊब लावल्यासारखी. आणि त्या वेगळ्या हेलात पुटपुटायची. मी माजघरात पुस्तक पालथं घालून ऐकत होते. गणिताचं एक अक्षर डोक्यात जाईना.

शेवटी मी अंगणात गेले आणि ओली मोहफुलं मुठी भरभरून खाल्ली. म्हटलं, काबरीला झालं ते मलाही होऊ दे. पोट काही दुखेना. तरी मी दुखतंय म्हणून ओसरीवर येऊन लोळले, फ्रॉक वर करून, पोट उघडं टाकून. माय मान वर करून म्हणाली, "डब्यात ओवा आहे. मीठ लावून चाव अन् पडून राय."

ओवा चावला. तिखट लागला, डोळ्यांत पाणी आलं. पोट उघडंच होतं. त्याच्यावर माशी येऊन बसली, ती मी उडवली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मायला झाडाखाली जावंच लागलं. दोन दिवसांची फुलं वाया घालवणं आमच्या घराला परवडणारं नव्हतं. निघताना माझी झोप मोडून तिनं सांगितलं, "दाणा देजो नोको, कितीबी ओरडली तरी. पाणी ठेवजो. तिच्याजवळच बसजो." आणि टोपलं घेऊन गेली. घरात मी आणि काबरी. अशी आम्ही दोघीच पहिल्यांदा समोरासमोर.

मी डालं उचललं. ती पळाली नाही, पळण्याचं बळच नव्हतं. मी मायसारखी मांडी घातली, तिला घेतली आणि गळ्याखाली हात लावला. स्पष्ट सांगते, माया म्हणून नाही. मला बघायचं होतं की एवढं काय आहे तिथे, की मायचा हात तिथून निघत नाही. पिसांखालचं कातडं इतकं पातळ आणि इतकं गरम असेल असं वाटलं नव्हतं. आत काहीतरी हलत होतं, आणि त्याच्या खाली तिचा जीव टकटक करत होता, माझ्या बोटांत. मी हात फिरवला. गोल, हळू, जसा बघून बघून पाठ झाला होता तसा. काबरीनं डोळ्यांवर पापणी ओढली. माझ्या हाताखाली, मायच्या नाही. मला एकदम कळलं की हात फिरवणाऱ्यालाही त्यातून काही मिळतं. माझं स्वतःचं डोकं शांत झालं, छातीतली धुसफूस बसली. म्हणजे माय हे सगळं सुख दोन्ही बाजूंनी घरात आणत होती, आणि दोन्हीत माझा वाटा नव्हता. याचा मला आणखीच राग आला, पण हात काही थांबला नाही. उन्हं ओसरीवर चढली. पिशवी माझ्या हाताखाली सैल होत गेली.

माय आली, डोक्यावरचं टोपलं कसंबसं टेकवलं आणि घामेजल्या हातानं आधी काबरीला उचललं. बोटं लावली. तिचा चेहरा उजळला. "उतरलं व! उतरलं! शहाणी माई काबरी. शहाणी माई बाई."

"म्या हात फिरवला," मी म्हणाले.

"हाव का?" तिनं काबरीकडेच बघत म्हटलं. "बरं केलं. आता चाल, शाळेचा टाइम झाला."

आणि तिनं काबरीला छातीशी धरलं. काम माझं, आणि शहाणी कोण, तर काबरी. त्या दिवशी मी शाळेत पेन्सिल इतकी दाबून लिहिलं की कागद फाटला.

काबरी पुढे बरीच वर्षं जगली. मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गेले, मुलींच्या वसतिगृहात राहायला लागले. माय कधीमधी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून भेटायला यायची, डब्यात सुकटाची चटणी घेऊन. बसली की आधी कोंबड्यांची खबर. कोणती अंड्यावर बसली, कोणाला मुंगसानं नेलं. माझ्या मैत्रिणी ऐकून हसायच्या. एकदा ती आली आणि वसतिगृहाच्या पायरीवरच बसून रडायला लागली. मला वाटलं बाबांना काही झालं. तर म्हणाली, "काबरी गेली व." मी तिला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, आणि मनात म्हटलं, माझ्यासाठी अशी रडशील? माझ्या लग्नात रडली. मी बाशिंगाआडून बघत होते, मापून. काबरीसाठी थोडी जास्त रडली होती, असं माझं आजही मत आहे.

तर आता ही पांढरी. नाव विचारलं तर माय म्हणाली, "नाव कायचं? कोंबडी आहे." म्हणजे काबरीची जागा हिलाही नव्हती. त्यातही मला जरा बरं वाटलं, बघा माझा स्वभाव.

"दगडावानी आहे का?" मी बाजेवरून विचारलं.

"नाई. जड आहे थोडी. तणस खाल्लं असंन. सांजवरी सुटंन."

तिचे केस पांढरे झालेत. बोटांची पेरं सुजतात, रोवणा होत नाही म्हणते. पण हात तसाच गोल फिरत होता. मोहाचा वास भरून राहिला होता, बाबा आत घोरत होते, आणि मला वाटलं, आता नाही बोलले तर हे असंच घेऊन मी परत ब्रह्मपुरीला जाईन.

"माय, तू माया अंगावरून असा हात कधी नाई फिरवला."

तिचा हात थांबला. "कसा?"

"असा. जसा त्या कोंबडीवरून फिरवून राह्यली."

तिनं आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला खरंच कळत नव्हतं. "काऊन? तुले काय झालं होतं?"

"काई नाई झालं होतं."

"मंग?"

तो "मंग" इतका सरळ होता की माझी सगळी जुनी तक्रार तोंडातच राहिली. काय सांगणार? काही झालेलं नसतानाच फिरवायचा असतो, हे कोणाला समजावून सांगता येतं का?

माय कोंबडीची पिसं सारखी करत बसली. मग म्हणाली, "मुकं जनावर सांगत नाई ना व. हात लावल्याबिगर कसं समजंन? तू त दिसभर बोलत राहे. मी चुलीपाशी असो का वाडीत असो, कान तुयाकडंच राहे. तुया आवाज आला का मले वाटे, पोट्टी बरी आहे. तुया आवाज थांबला का मी येऊन पावो."

खरं असणार ते. खेळता खेळता मी कधी एकटी शांत बसले की ती उगीचच येऊन काहीतरी उचलून नेताना दिसायची, ते आठवलं. सूप, झाडू, काहीही. म्हणजे कान होता माझ्यावर, पूर्ण वेळ. पण कान दिसत नाही ना! हात दिसतो. लहान पोरीला दिसेल ते लागतं, आणि खोटं कशाला बोलू, मोठीलाही लागतं.

तेवढ्यात पोटातल्यानं लाथ मारली. जोरात. मी "आई गं" केलं. मायनं कोंबडी मांडीवरून सोडून दिली, अक्षरशः टाकली, आणि बाजेशी आली. तिचा हात माझ्या पोटावर. हळू, गोल. तोच, तसाच, तेवढ्याच सावकाश. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो हात लुगड्याच्या वरून फिरत होता, आणि मी डोळे मिटून घेतले.

"राय बापा, राय," माय पुटपुटत होती. "कायले लाथा मारतेस मायले? राय, माया सोन्या." आणि हेल तो होता. तिच्या माहेरचा.

मी डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत नव्हती. पोटाकडे बघत होती. अरे वा! अजून जन्माला आलं नाही, नाव नाही, तोंड दिसलं नाही, आणि माझ्या वाट्याचा हात घेऊन बसलं! आधी कोंबडी, आता हे. मला हसावं की रडावं समजेना. पोटच्या लेकराचा हेवा करणारी बाई मी पहिलीच असेन. असेन तर असेन.

"माय, हा हात त्याच्यासाठी होऊन राह्यला," मी म्हटलं. "मायासाठी नाई."

"येडी का काय? दोघाईचं एकच त आहे."

"नाई. एक नाई."

माझा आवाज फाटला असणार, कारण तिनं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. तिनं पोटावरचा हात उचलला. तो हवेत तसाच राहिला, कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा. वेणीकडे गेला, परत आला. मग तिनं तो माझ्या गालावर ठेवला. हाताला मोहाचा वास होता, कोंबडीचा होता, चुलीच्या राखेचा होता. गालावर लेकरू नव्हतं. काही अडलेलं नव्हतं, ताप नव्हता, तिला तिथे तपासायला काहीच नव्हतं. मायचा हात अवघडून गेला.

"आता?" तिनं विचारलं.

"आता काई नाई," मी म्हटलं. "राहू दे."

आणि तिनं राहू दिला.